पंधरावी शाळा

"सुनाओ बेटा," प्राचार्यबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन बोटांनी टेबलावर ताल धरला.

माझी मुलगी मैत्री त्यांच्यासमोर उभी होती. तिला गणपतीची आरती म्हणून दाखवायची होती. तिला आरती येत नव्हती.

पूर्व दिल्लीतली खासगी शाळा. नववीच्या प्रवेशासाठी आई, वडील आणि मूल अशा तिघांना बोलावलं होतं. याला मुलाखत म्हणत नाहीत. इंटरॅक्शन म्हणतात. त्याआधी बाईंनी मैत्रीला विचारलं होतं, घरी कोणते सण साजरे करता. मैत्रीने पाठ केलेलं उत्तर दिलं, "दिवाली, होली और गणपति, मैम." उत्तर आम्ही पाठ करून घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर माझा नवरा संजय प्राचार्य व्हायचा, मैत्री उत्तरं द्यायची. शेजारच्यांची बाल्कनी आमच्या खिडकीला लागून आहे, म्हणून तेवढा वेळ खिडकी बंद असायची.

गणपती ऐकून बाईंचा चेहरा खुलला. त्यांचे यजमान सैन्यात होते. काही वर्षं पुण्यात पोस्टिंग होतं. "हर साल जाते थे हम लोग, पड़ोस में. मुझे आरती की वो तालियाँ इतनी अच्छी लगती थीं. सुनाओ."

मैत्रीने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं.

"महाराष्ट्रियन घर की बच्ची, और आरती नहीं आती?"

बोटं थांबली. बाईंनी संगणकाच्या पडद्यावर आमचं आडनाव पुन्हा वाचलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "पुणे में हमारे यहाँ एक बाई काम करती थी. वो लोग भी नहीं बिठाते थे. नीले झंडे वाले. आप लोग वही हैं क्या?"

शेजारी बसलेल्या प्रवेश विभागाच्या बाई हसल्या. मोठ्याने नाही.

संजय म्हणाला, "नहीं मैम. हम लोग बस, उतने रिलिजियस नहीं हैं."

नहीं मैम. मैत्रीसमोर.

"और कितने स्कूलों में अप्लाय किया है?"

"चौदह, मैम. आपका मिलाकर."

"और कर लीजिए." आवाज मृदू होता. "कोई न कोई तो ले ही लेगा."

मी म्हणाले, "थैंक यू, मैम."

पार्किंगमध्ये मैत्रीने विचारलं, "नीला झंडा म्हणजे आजीच्या दारावर असतो तो?"

"गाडीत बस," संजय म्हणाला.

चौदा हा आकडा कसा आला, ते सांगते.

मैत्रीची शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीला दुसरी शाळा शोधावी लागते, आणि नववीला जागा थोड्याच निघतात. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत हिवाळा सुरू झाला की लिफ्टमध्ये एकच प्रश्न असतो, कितने भरे? कुणी आठ सांगतं, कुणी बारा. नोएडात मी जिथे बातम्यांच्या डेस्कवर काम करते, तिथला एक सहकारी मुलासाठी गुरुग्रामपर्यंत अर्ज करून आला. रोज एवढ्या लांब कसं पाठवणार, असं विचारलं तर म्हणाला, "पहले सीट तो मिले, यार. फिर देखेंगे."

संजय म्हणाला, वीस. मी म्हणाले, पाच. इतक्या ठिकाणी जायला मला सुट्टी मिळणार नाही, असं कारण मी दिलं. ते खरं नव्हतं. एक शाळा म्हणजे एक खोली. त्या खोलीत टेबलापलीकडे बसलेलं माणूस आपल्याला काहीही विचारू शकतं. आपण त्याला काही विचारू शकत नाही. मला अशा पाचच खोल्या झेपणार होत्या. संजयलाही त्याच खोल्यांची भीती होती, पण त्याचा हिशेब वेगळा होता. वीस ठिकाणी गेलो तर निदान एका ठिकाणी कुणी विचारणार नाही. भांडून, न बोलून, शेवटी आम्ही चौदावर आलो.

दिल्लीत आम्हाला सहसा कुणी विचारत नाही. आजेसासऱ्यांनी आडनाव बदलून गावाच्या नावापुढे 'कर' जोडलं. महाराष्ट्रात माणसं त्यावरून गाव विचारतात, मग गावात घर कुठे ते विचारतात, आणि त्यांना हवं ते कळतं. इथे 'कर' ऐकलं की लोक म्हणतात, अच्छा, क्रिकेट वाले. विषय संपतो. दिल्लीत आम्ही नुसते महाराष्ट्रियन असतो. मला ते आवडायचं.

चौदा एप्रिलला आम्ही संसद मार्गावर जातो. पुस्तकांचे स्टॉल असतात, खीर वाटतात, गर्दी असते. जाताना लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर संजय सांगतो, मंडी हाऊसला चित्रांचं प्रदर्शन आहे. मैत्री लहानपणापासून हे ऐकते. तिने कधी विचारलं नाही की चित्रं कुठे आहेत.

संजय केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहे. बढती मिळाली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याला बर्फी भरवत म्हणाला होता, "आप लोगों का तो टाइम से हो जाता है." संजयने बर्फी खाल्ली. घरी येऊन मला सांगितलं आणि म्हणाला, "मैत्रीला असलं काही ऐकायला लागू नये. बस."

त्या पहिल्या शाळेचा मेल आला. प्रवेश नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र इतरांच्या मुलांची नावं येऊ लागली. प्रत्येक नावाखाली हात जोडलेली चित्रं. फोन वाजला की मी तो उलटा ठेवायचे. ऑफिसात आग, अपघात, निकाल, सगळं मी शांतपणे हाताळते. शाळाप्रवेशाची बातमी डेस्कवर आली की ती मी दुसऱ्याकडे सरकवायला लागले.

आरतीचा विषय संजयनेच सुनीतावहिनींकडे काढला. त्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात, मूळच्या पुण्याच्या. मुलाच्या नववीसाठी त्यांनी अकरा शाळा केल्या होत्या.

"आरती येत नाही? अहो, काय हे," वहिनी हसल्या. "इथली मुलं म्हणजे ना. द्या पाठवून माझ्याकडे, दोन संध्याकाळचं तर काम. तुमच्याकडे बसवत नाहीत का गणपती?"

"गावी असतो. भावकीत," संजय म्हणाला.

"कुलदैवत कोणतं हो तुमचं?"

"खंडोबा."

"जेजुरीचा की पालीचा?"

"जेजुरीचा."

घरात आल्यावर त्याने फोनवर जेजुरीची माहिती काढली आणि सोफ्यावर बसून वाचली. मला हसू आलं. मग रडू आलं.

मैत्रीचा गळा चांगला आहे. आरती तिला लगेच आली. बुटांच्या नाड्या बांधताना गुणगुणायची. एका संध्याकाळी शेजारून परत आली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, हे मी देवासाठी म्हणते की शाळेसाठी?"

"शाळेसाठी."

"सुनीताकाकूंना वाटतं देवासाठी. त्या डोळे मिटतात. मला अजीब वाटतं यार, त्यांना उल्लू बनवल्यासारखं."

मी म्हणाले, "प्रवेश होईपर्यंत."

"आणि झाल्यावर? त्या शाळेतल्यांना काय सांगायचं?"

तोवर मी प्रवेशापर्यंतचाच विचार केला होता. नववीपासून बारावीपर्यंत चार वर्षं तिला तेच उत्तर देत राहावं लागणार होतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला नकाराच्या मेलची भीती वाटायची तशीच होकाराच्या मेलचीही वाटू लागली.

दुसरी शाळा नोएडात होती. समोर एक पुरुष पर्यवेक्षक होते. वागायला सभ्य. त्यांनी मैत्रीला आवडते विषय विचारले, एक उतारा वाचायला दिला, गणित घातलं. तिने ते सोडवलं. सणांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "आप लोग कुछ पूछना चाहेंगे?"

इथे आम्ही उठायला हवं होतं.

संजय म्हणाला, "सर, मैत्री आरती बहुत अच्छी गाती है. गणपति की."

कुणी विचारलं नव्हतं.

मैत्री उभी राहिली. तिने हात जोडले, डोळे मिटले, मान थोडी वाकवली. मान वाकवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे बघून ती शिकली होती. संजय तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. मला त्या आशेची लाज वाटली. मग भीती वाटली. आज ती गायली की आयुष्यभर गाईल. कुणी न विचारता.

"मैत्री," मी म्हणाले. "हात खाली घे."

तिने डोळे उघडले.

मी पर्यवेक्षकांना हिंदीत सांगितलं. जे बोलले ते शब्दशः असं, "सर, ये आरती इसने पिछले हफ़्ते सीखी है, आप लोगों को सुनाने के लिए. हमारे घर में नहीं होती. हम बौद्ध हैं. दलित हैं. ये बात हम इससे छुपवा रहे थे. आगे से नहीं छुपवाएँगे."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मैम, हमने तो पूछा ही नहीं."

"जी. आपने नहीं पूछा."

"ठीक है. मेल आ जाएगा."

मला फाइलची चेन लावता येईना. मैत्रीने फाइल माझ्या हातातून घेतली आणि चेन लावली.

संजय गाडी चालवत होता. यमुनेच्या पुलाच्या अलीकडे, आमच्या वळणावर, म्हणाला, "सीट होती. हातात होती."

"असेल."

"तुला बोलायची काय गरज होती? त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं."

"तू तरी विचारल्याशिवाय का बोललास?"

मैत्री मागे बसली होती. तिने दोघांकडे पाहिलं नाही.

त्या शाळेचा मेल आला. प्रवेश नाही. कारण दिलेलं नव्हतं. त्यामुळे कारण मीही लिहीत नाही.

मी सुनीतावहिनींच्या दारात गेले आणि मैत्री आता शिकायला येणार नाही, हे सांगितलं. का, तेही सांगितलं. त्या दारात उभ्या राहिल्या. "अगं, मग काय झालं? आम्ही नाही मानत तसलं काही," असं म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "पण मग ते जेजुरीचं?" मी म्हणाले, "खोटं होतं." त्यांना गॅसवरचं दूध आठवलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये त्या मैत्रीला अभ्यास कसा चाललाय ते विचारतात. कितने भरे, हे विचारत नाहीत. बाल्कनीत कपडे वाळत घालताना आमच्या खिडकीकडे पाठ करतात.

बारा शाळा उरल्या आहेत.

परवा संध्याकाळी संजय जेवणाच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "बाराही ठिकाणी सांगणार आहेस?"

"विचारलं तर मैत्री सांगेल. खोटं कुठेच नाही बोलणार."

"आणि बाराही जणांनी नाही म्हटलं तर? ती कुठे जाईल? घरी बसेल?"

हा प्रश्न खरा आहे. त्या प्राचार्यबाई म्हणाल्या होत्या, और कर लीजिए.

"तर पंधराव्या शाळेत अर्ज करू," मी म्हणाले.

"आणि तिथे?"

"तिथेही हेच."

संजय टेबलावरची पाण्याची बाटली फिरवत राहिला. मैत्री तिच्या खोलीतून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली, सरावाला उभी राहते तशी. "बाबा, विचारा ना."

त्याने विचारलं नाही. ती तशीच उभी राहिली. शेवटी त्याने घसा खाकरला आणि प्राचार्यांच्या आवाजात विचारलं, "घर में कौन-से त्योहार मनाते हो, बेटा?"

"बुद्ध पूर्णिमा," मैत्री म्हणाली. "और चौदह अप्रैल. उस दिन हम लोग संसद मार्ग जाते हैं."

संजयने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. पुसायला बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "आवाज पडला शेवटी. शेवटचे शब्द ऐकूच आले नाहीत मला."

तिने पुन्हा म्हटलं. मोठ्याने. खिडकी उघडी होती.

शनिवारी तिसरी शाळा आहे. भीती आत्तापासून आहे. ती शनिवारपर्यंत राहील, त्यानंतरच्या शाळेतही असेल. ती जायची वाट मी बघणार नाही. मी मैत्रीच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. तिने माझ्याकडे पाहिलं, तर या वेळी मी पेपरवेटकडे बघणार नाही.