खोडदच्या दुर्बिणीसाठी माझी बडबड

कोल्हापूरहून निघताना यांनी बजावलं, "दुर्बिणीपाशी तरी जरा गप्प बस." माहेरी काय, सासरी काय, मला जन्मभर एवढंच ऐकवलंय. मी ऐकलंय थोडंच!

नारायणगावला मिसळ खाऊन खोडदला पोचले. माझी भाची मुक्ता तिथं खगोलशास्त्राचं संशोधन करते. मला वाटलं, डोळा लावायचा नि ग्रह बघायचे. कसलं काय! शेताशेतांतून जाळीच्या अवाढव्य ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. मुक्ता म्हणाली, लांबलांबच्या गावांपर्यंत पसरलेल्या या तीस ताटल्या मिळून एकच मोठा कान होतो आणि दूरच्या दीर्घिकांकडून आलेल्या क्षीण रेडिओलहरी टिपतो. म्हणून गेटवरच माझा मोबाइल बंद करायला लावला.

त्या दुपारी दुर्बीण मुक्ताच्या वाट्याला आली होती. पुन्हा पाळी कधी येईल, सांगता येत नव्हतं. आणि नेमकी चाचणीतच त्या लहरींत कुठूनतरी टकटक मिसळू लागली. जीपमध्ये छोटा अँटेना घेऊन आम्ही शोधत निघालो, तर उसाकडेला रशीदभाईंच्या शेळ्यांचा गोठा. त्याभोवती झटका (कुंपणाच्या तारेत थांबूनथांबून वीज सोडणारं यंत्र). तारेला गवत टेकून ठिणग्या उडत होत्या, त्यांच्याच रेडिओलहरी दुर्बिणीत टकटकत होत्या.

रशीदभाई म्हणाले, "झटका बंद केला तर बिबट्या शेळ्या न्हेईल. मागं एक न्हेलीच." राखायला बसावं, तर त्यांना टोमॅटो घेऊन बाजार गाठायचा होता. मुक्ताचं तोंड एवढंसं झालं. मला बघवेना. म्हटलं, मी बसते.

"नुसतं बसून न्हाई चालायचं, मावशी. बोलत ऱ्हायचं. माणसाच्या आवाजाला त्यो बिचकतो. आमी मोबाइलवर गाणी लावतो."

मोबाइल तर बंद. मी भीतभीत विचारलं, माझा आवाज त्या कानात गेला तर? मुक्ता हसली. आवाज हवेतून जातो, ताटल्यांना फक्त रेडिओलहरी कळतात, म्हणाली.

"तू कितीही बोल, मावशी."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग काय, शेळ्यांना धाकट्या जावेच्या लग्नापासून सगळं सांगितलं. मध्येच उसाच्या पाचटात खसखसलं. पण माझं तोंड थांबलं नाही. नणंदेचा विषय तेवढा वरच्या पट्टीत गेला. काय होतं देव जाणे, निघून गेलं.

दिवेलागणीला रशीदभाई परतले. शेळ्या मोजून म्हणाले, "समद्या हायेत. पर लई दमल्यात बिचाऱ्या."

तेवढ्यात मुक्ता धावत आली आणि गळ्यातच पडली. "स्वच्छ मिळालं गं सगळं!" तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच कशाला लपवू?

घरी आल्यावर यांनी विचारलं, काय पाहिलंस. म्हटलं, बसा, सांगते. पण मध्येच गप्प बस म्हणायचं नाही. मी बडबडले म्हणून मुक्ताला विश्व ऐकू आलंय.