दम खाणारी गाडी

बायको गेली त्याच्या चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. तेरवी आदल्या दिवशीच झाली होती. पाहुणे अजून घरात होते आणि जो तो मला रडवायच्या मागे लागला होता. "रडून घे, मोकळा होशीन," असं थोरली वहिनी दिवसातून चार वेळा सांगायची. मला रडू येत नव्हतं, त्याला मी काय करणार? भूक लागत होती, झोप लागत होती, दाढी खाजत होती. दोन दिवसांच्या तापात माणूस गेलं आणि मला काहीच वाटत नव्हतं. त्याची भीती मात्र वाटायची.

मी कारंज्याकडच्या मालेगावात एका जमीनदाराकडे ड्रायव्हर होतो. मेकॅनिकही मीच, कारण दुसरा जवळपास कोणी नव्हता. आमचं घर माळ्याचं, वांगी-मेथीचं. पाणी द्यायचं सोडून मोटारीच्या नादी लागलेला घरात मी एकटाच. मालकांची गाडी दोन माणसांची, बिनटपाची, शर्यतीतली असते तशी. कोणी गोरा साहेब बदली होऊन जाताना विकून गेला होता. पुढे लांबलचक नाक, मागे उघड्यावर पेट्रोलची टाकी, बसायला जागा नावाला. आमच्या रस्त्यांवर असली गाडी घेणं ही शुद्ध हौस होती. पण पळायची अशी की बैलगाडीवाले लांबूनच बैल बाजूला घेऊन धरायचे.

त्या चौदाव्या दिवसापासून ती पळेना. गावातून निघताना ठणठणीत. दोन-तीन कोस गेलं की पाय दाबल्यावर आधी दम खायची, मग अडखळायची, कार्बोरेटरमधून फुसफुस ठोके द्यायची. पाय अजून दाबला तर जोर वाढायच्या ऐवजी उतरायचा. शेवटी चढावर बंदच पडायची.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे मालकांना पहिला संशय माझा आला.

"तेल इकून त्यात रॉकेल तं नाई टाकून राह्यला?"

"वास घेऊन पाहा, मालक."

"मी पाह्यतोच."

तेव्हापासून गाडी थांबली की मालक आधी मागे जायचे, स्वतः टाकीचं झाकण उघडायचे, आत काडी बुडवून पाहायचे, बोट हुंगायचे. मी पुढे नाकाशी उभा. मी प्लग काढून पुसले, गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबली. कार्बोरेटरचं बारीक छिद्र तारेनं साफ केलं, निघाली; पुन्हा थांबली. मग पेट्रोल ओढणारा पंप, मग गाळणी. दर वेळी मला वाटायचं, सापडलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसं चाललं होतं. आठ दिवसांत गाडी पाच वेळा थांबली, आणि मालकांचं बोलणंच बंद झालं.

नवव्या दिवशी कारंज्याला जायचं होतं. निघताना ते म्हणाले, "आज मधात थांबली तं किल्ली दे अन् घरी जाय. चोर मले पोसाचा नाई."

चोर म्हणून घरी गेलो असतो तर पुन्हा कोणी उभं केलं नसतं. माझ्या लक्षात आलं, की मला याचंही काही वाटत नाही. तरी हातांना काम माहीत होतं, ते गिअर बदलत राहिले.

किन्हीराजाच्या अलीकडे चढ लागला आणि गाडीनं दम खाल्ला. मग थांबली. या वेळी मालक उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "पाह्य तूच. शेवटचं पाह्य."

म्हणून त्या आठवड्यात पहिल्यांदा रस्त्यावर झाकण मी उघडलं. फिरवलं तसा टाकीनं जोरात श्वास ओढला. चांगला लांब, स्सss असा. टाकीत हवाच जात नव्हती! पेट्रोल कमी होईल तशी वरून हवा यावी लागते, नाहीतर पंप बिचारा किती ओढणार? मालक झाकण उघडायचे तेव्हा हवा जायची आणि गाडी सुधारायची. मी पुढे जे काय पुसत असेन, त्याला श्रेय.

हवा जायचं भोक झाकणाच्या मधोमध असतं. तिथं शेंदूर होता.

शेंदूर गाडीवर जागोजागी होता. देवाचं म्हणून कोणी पुसत नाही. खंडेनवमीला, ताप यायच्या दोन-चार दिवस आधी, बायको पूजेला आली होती. नाकाला, चाकांना लावून झालं, आणि ती मागे टाकीकडे वळली. मी म्हटलं, तिथं कायले? तर म्हणाली, "जेथून थे खाते-पिते त्या तोंडाले नाई लावाव? तुमाले घेऊन फिरते ना थे." घरातलं तिळाचं तेल संपलं होतं, म्हणून तिनं शेंदूर जवसाच्या तेलात कालवला होता. नळाचे सांधे बुजवायला मिस्त्री लोक हेच कालवतात. ओला होता तोवर हवा कशीबशी जात असणार. मी सुतकात होतो तेव्हा गाडी उभी राहिली, आणि त्याचा दगड झाला.

झाकण उन्हात धरलं तर शेंदरावर तिचं बोट उमटलेलं दिसलं. करंगळीशेजारचं. मळ्यात मेथी कापताना विळा लागल्याची जुनी आडवी रेघसुद्धा उमटली होती.

मी कार्बोरेटर साफ करायची तार खिशातून काढली आणि कोरायला लागलो. शेंदूर सहज निघेना. आधी रेघ गेली, मग बाकीचं. भोक मोकळं झालं तसं मी झाकणाला तोंड लावून फुंकून पाहिलं, हवा आरपार गेली. झाकण बसवलं.

"काय होतं?" मालकांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर माझ्यावरचा चोरीचा आळ तिथंच धुतला गेला असता. पण ते त्यांनी गावभर हसत सांगितलं असतं, ड्रायव्हरच्या बायकोनं पूजा करून गाडीचा गळा दाबला म्हणून.

"कचरा होता, मालक."

"मंग इतके दिस काहून नाई दिसला?"

"माही चूक झाली."

त्यांनी बसायची खूण केली. कारंज्यापर्यंत गाडी कुठंही अडखळली नाही. चढावर पाय दाबला की उसळून पुढं जायची. मालकांनी मांडीवर थाप मारून "शाबास" म्हटलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती गेल्यापासून तिच्याविषयी मी कोणाशी चकार शब्द काढला नव्हता. पहिला शब्द काढला, तो कचरा.