एकास बारा हजार

हसणार नसाल तर सांगतो. अहो, आत्ताच काय हसताय!

माझी बायको रीना सदतीस वर्षांची. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिलेले, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर मॅडमनी डबल मार्कर टेस्ट करायला सांगितली. म्हणजे रक्ताची तपासणी हो. बाळाची गुणसूत्रं कमी-जास्त असण्याची शक्यता किती, ते त्यात कळतं.

रिपोर्ट आला माझ्या मोबाइलवर. रीना आत झोपलेली. उघडून बघतो तर काय! मर्यादा १:२५०. आमचा आकडा १:१२०००!

अडीचशेच्या जागी बारा हजार! अहो, साखर दोनशेची चारशे झाली तरी माणसाला ॲडमिट करतात!

रीनाला सांगायची हिंमत होईना. म्हणून शेजारच्या घरात जाऊन आईला सांगितलं. वर बजावलं, "मम्मी, कुणाला बोलू नकोस हं."

झालं! अख्ख्या राजोडी गावाला कळलं. मावशी रडतच आली, काकी रोझरीची माळ घेऊन आली आणि पाठोपाठ साक्षात फादर! आमच्या ओट्यावर प्रार्थना सुरू. मध्येच मम्मीने डोळे पुसले आणि ठणकावलं, "लेकरू कसंही असू दे, आपलंच आहे. मी सांभाळीन." तेव्हा मात्र मला हुंदकाच फुटला.

आवाजाने रीना बाहेर आली. बघते तर माळा, फादर आणि रडणारा नवरा!

"अरे, कोण गेलं?"

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने सरळ डॉक्टर मॅडमना फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, बारा हजार आलंय हो!" मी ओरडलो.

"अहो, बारा हजारांत एक! असा रिपोर्ट आलेल्या बारा हजार बायकांत एखादीच्याच बाळाला तो त्रास निघतो. मागचा आकडा मोठा, तेवढी भीती कमी. ही नुसती चाळणी आहे, पक्कं निदान नव्हे, पण तुमचा रिपोर्ट छान आहे."

आधी फादरच खो-खो हसले. मम्मीने मला धपाटा घातला आणि रीनाला कवटाळलं. रीना रडत होती, हसतही होती. आणि मी? छातीवरची धोंड उतरल्यासारखा मटकन खाली बसलो.

तेवढ्यात फोनमधून मॅडम म्हणाल्या, "तुम्ही करता काय हो?"

"शिक्षक आहे."

"विषय कुठला?"

सातवीच्या पोरांना गुणोत्तर-प्रमाण घोटून घेणारा मी गणिताचा मास्तर. सगळा ओटा माझ्याकडे बघत होता. तरी छातीठोकपणे म्हणालो,

"चित्रकला!"