दहबियाची बेगमी

छातीतली गाठ काढून झाली, औषधाचं तिसरं सलाइन लागलं आणि घरी आल्यावर दहबियानं भिंतीकडे तोंड फिरवलं, ते फिरवलंच. जेवण नाही, बोलणं नाही. केफ गावातल्या आमच्या गल्लीत त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. बायका यायच्या, "अगं, नवरी दिसतेस," म्हणायच्या आणि जिन्यात डोळे पुसायच्या. मनासाठी दिलेली गोळी ती जिभेखाली धरायची, मग थुंकायची. तिचा नवरा हत्ताब घरांना चुना मारायचा. चाळीस वर्षांत तो तिच्याशी गोड बोलला नव्हता. आता बोलून पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले.

ऑगस्टात घरोघर वर्षाची बेगमी चालते. रव्याला पाणी-पीठ लावून परातीत वळायचं, चाळणीतून पाडायचं, चादरीवर वाळवायचं. असं केलेलं कुसकुस वर्षभर पुरतं. दहबियाचा दाणा मोहरीएवढा, सगळा सारखा. हत्ताबनं तिची जाऊ मन्नूबिया हिला बोलावलं आणि दहबियाच्याच अंगणात दहबियाच्याच चाळण्या तिच्या हातात दिल्या.

"तिला राग येईल," मन्नूबिया म्हणाली.

"त्यासाठीच बोलावलंय. तुझा हात बघून नाही."

दुसऱ्या दिवशी दहबिया दारात उभी राहिली. डोक्यावर केस नव्हते, फडकंही नव्हतं.

"हे शेळ्यांना घालणार की माणसांना? सरक."

तीन दिवस ती वळत होती आणि सगळ्यांना शिव्या देत होती. बायको उठली म्हणून हत्ताब कॉफीच्या दुकानात सांगत सुटला. आम्हालाही खरंच वाटलं.

चौथ्या दिवशी तिनं पोत्याचं तोंड बांधलं.

"हे माझ्या चाळिसाव्या दिवसाला. मी गेल्यावर गल्ली जेवायला येईल, तेव्हा मन्नूबियाच्या हातचं नको. लोक नावं ठेवतील."

आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

हत्ताबनं सुरीनं पोत्याची दोरी कापली. आयुष्यात त्यानं अंडं उकडलं नव्हतं. तासाभरानं तो वाडगा घेऊन आत गेला. त्यांच्या-आमच्या घरांमधली भिंत पातळ. मला सगळं ऐकू आलं.

"ऊठ. तुझ्या चाळिसाव्याचं आहे. पहिला घास तुझा."

माझ्या बायकोनं कानांवर हात ठेवले. याला कुणीतरी चोपायला हवं, असं मला वाटलं.

मग चमच्याचा आवाज.

"एकदाच वाफवलंस. कच्चं आहे."

"लोक खातील. तू कुठं असणार बघायला?"

ती आणखी दोन घास खाऊन ओकली. त्यानं घमेलं धरलं असावं.

"दोनदा वाफवतात, गाढवा. मधे पाणी शिंपडून हातानं मोकळं करायचं. उद्या नीट कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवरून त्यांच्या अंगणात पाहिलं. हत्ताब शेगडीपाशी बसला होता. वाफ पुरती धरायच्या आत त्यानं भांडं उतरवलं, एक दाणा दाताखाली फोडून पाहिला. कच्चाच असणार; त्यानं खुशीत मान डोलावली. मग वाडगा भरला.