कुंभारीण आणि उधई

बायको गेली तेव्हा मी शाळेत वर्ग घेत होतो. निरोप आला. मी घरी आलो.

त्याच्या काही वर्षं आधी, आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर भिंतीतल्या कोनाड्यातले देव निघाले आणि कोनाडा रिकामा झाला. पुढच्याच वर्षी तिथे कुंभारीण माशी आली. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन यायची, ती थापायची, परत जायची.

"सूनबाई, हात लावू नको वं," आई म्हणाली. "कुंभारीण घर बांधून राह्यली. पाळणा हलते आता."

"आई, हे सगळं सोडलं ना आपण?" मी म्हणालो.

"देव सोडले बाप्पा. माशी कुठं सोडली?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. पण त्या दिवसापासून ती कोनाड्याखाली झाडूही जपून मारू लागली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

त्याच पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर उधई, म्हणजे वाळवी, चढली. तीही मातीच आणत होती. मी शाळेतल्या पुस्तकात दोघींविषयी वाचलं आणि थक्क झालो. कुंभारीण एकटी. मातीच्या इवल्या मडक्यात अंडं घालते, अळ्यांना डंख मारून निपचित करते, त्यात भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. उधईच्या कामकरणी आंधळ्या. हजारो जणी मातीच्या बोगद्यातून चालतात आणि तोंडातला घास एकमेकींना भरवतात. माती आमच्याच अंगणातली. एकीने तिची खोली केली, दुसरीने गाव वसवलं.

मी बायकोला हे सांगितलं. ती हातातली भाजी निसणं थांबवून ऐकत राहिली.

"तिले लेकरू दिसतच नाही?"

"नाही."

"मंग एवढं कोणासाठी करते ते?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात ते नव्हतं.

चौकटीवर रॉकेल ओतायचं ठरलं, तर बायको आडवी आली. "आंधळ्या हायेत म्हणता ना? राहू द्या." शेवटी आईनेच ती नसताना ओतलं.

मग एका सकाळी ती ओरडली, "अजी, या लवकर!" मडक्याला भोक पडलं होतं. काठावर नवी माशी पंख सुकवत बसली होती. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे राहिलो. ती उडाली.

"झालं ना आपल्या घरात लेकरू," बायको म्हणाली. आई हसली नाही.

आम्हाला मूल झालं नाही. पुढे तापात बायको गेली. आता घरात आई आहे आणि मी आहे.