चेंडू कुठवर गेला?

सामन्याच्या दिवशी घरी ताणून देणारा खेळाचा फोटोग्राफर भूतलावर एकच असावा, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. लग्नानंतर दाजी आमच्याच गावात, सेनगावात, स्टुडिओ थाटून राहिले. त्यामुळे माझ्या ताईचे यजमान हळूहळू सगळ्या गावाचेच दाजी झाले. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो हा पोटापाण्याचा धंदा. जीव मात्र जडला कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉलवर, आणि तोही फक्त सरावावर. "सामन्यात पोरी तोंड सांभाळून खेळतात," ते म्हणतात. "खरं तोंड सरावात दिसतंय. काहून म्हणाल तर, तिथं बघायला कोणीच नसतंय." स्वतः रोज तिथे हजर असतात, पण स्वतःला ते बघणाऱ्यांत धरत नाहीत.

सराव शिबिर भरतं ते नेमकं हळदीच्या दिवसांत. शिजवलेली हळद वाळवायला मोकळी जागा लागते आणि कॉलेजच्या मैदानाएवढी मोकळी जागा गावात दुसरी नाही. तेव्हा अर्ध्या मैदानावर हळद आणि अर्ध्यावर मुली, असा जुना समझोता आहे. चेंडू हळदीत पडला की राखणीला बसलेल्या बायका आधी चेंडूला, मग मुलींना आणि शेवटी दाजींना शिव्या घालतात, कारण दाजी तिथेच, चेंडू लागू नये म्हणून डोक्याला ताईची कणकेची परात बांधून, कॅमेरा रोखून पालथे पडलेले असतात. सकाळी पांढरा असलेला शर्ट संध्याकाळी पिवळाधमक होऊन घरी येतो. "दरसाल हळद लावून घ्यायची हौस काही फिटंना ह्यांची," असं म्हणत ताई तो भिजत घालते.

हे वेड स्टुडिओतही शिरलं आहे. दाजी नवरदेवाला सांगतात, "गुडघे जरा वाकवा. समजा चेंडू येऊन राहिला." माझ्या चुलतभावाच्या अल्बमात नवरा-नवरी दोघेही कुठून तरी धोंडा येणार असल्यासारखे सावध उभे आहेत. माझा पासपोर्ट फोटो पाहून हिंगोलीच्या एका कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "कोणी मारायला धावलं होतं का?" मी दाजींचं नाव सांगितलं. तो समजून हसला. त्याच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते.

एवढं करूनही एक फोटो त्यांना कधी साधला नाही. चेंडू बॅटला लागतो, तो क्षण. त्याचं असं आहे की बटण दाबलं की दाजींच्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी पापणी लवण्याइतका वेळ काळी होते. म्हणजे फोटो निघतो तो क्षण काढणाऱ्याला दिसतच नाही. दाजींना हा अन्याय सहन होत नसे. "ज्याचा फोटो काढला ते आपणच पाहिलं न्हाई, तर त्याला काय अर्थ हाय?" मग ऐन वेळी ते कॅमेऱ्यातून डोळा काढत, "लागला! पळ, पोरी, पळ!" म्हणून ओरडत आणि बटण राहून जाई. ताई म्हणते, "ह्यांच्या फोटोत समदं असतंय, चेंडू तेवढा नसतो."

यंदा मात्र ही गंमत राहिली नाही. तांड्यावरची कोमल ही संघातली सगळ्यात जोरकस बॅट. तिला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि हे तिचं शेवटचं शिबिर होतं. ती स्टुडिओत येऊन म्हणाली, "दाजी, माझा एक तरी फोटो बराबर काढा. चेंडू लागतानाचा. मी असं मारत होते म्हणून सांगितलं, तर तिकडं कोणाला खरं वाटंल?"

दाजींनी ते मनाला लावून घेतलं. रोज परात बांधून जात आणि रोज तोंड पाडून येत. जेवताना घास हातात तसाच राही. "काय करू, माझा डोळाच ऐकंना," ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा होता की मला चेष्टा करवली नाही.

शेवटच्या दिवशी ताईच मैदानावर आली. तिने कॅमेरा दाजींच्या डोळ्यापाशी धरला आणि उपरण्याने डोक्याला करकचून बांधून टाकला. "आता बघते कसा काढता डोळा."

समोरून चेंडू आला. कोमलने असा काही टोला हाणला की मी उभ्या जन्मात तसा पाहिला नाही. चेंडू हळदीवरून गेला, बायकांवरून गेला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि शिव्या द्यायच्या विसरल्या. भिंत ओलांडून, रस्ता ओलांडून तो पलीकडच्या चिंचेत शिरला. सगळं मैदान ओरडत होतं. दाजींच्या डोळ्याला मात्र कॅमेरा बांधलेला; काळी खिडकी उजळली तोवर चेंडू त्यांच्या नजरेबाहेर गेला होता.

ताईने गाठ सोडली. फोटो अगदी बराबर आला होता. चेंडू बॅटला चिकटलेला, त्यातून हळदीचा धुरळा उडालेला, कोमलचे दात आवळलेले. ती फोटो बघून रडायलाच लागली आणि वाकून दाजींच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर दूर रस्त्याकडे होती.

"कुठवर गेला, पोरी?" त्यांनी विचारलं.

तो फोटो आता नांदेडच्या होस्टेलात कोमलच्या खाटेवरच्या भिंतीला लावलेला आहे. स्टुडिओत दाजींनी त्याची प्रत ठेवली नाही. त्या दिवशी मैदानावर असलेलं कोणी दुकानात आलं की मात्र ते हातातलं काम बाजूला ठेवतात आणि हळूच विचारतात, "कुठवर गेला होता?" सुरुवातीला मी चिंचेपर्यंत म्हणून खरं सांगत असे. मग एकदा त्यांचा चेहरा नीट पाहिला. तेव्हापासून चेंडू दर खेपेला थोडा लांब जातो. मागच्या आठवड्यात तो पार कित्येक कोसांवर, कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यापाशी पडला. मी थापा मारतो हे दाजींना पक्कं ठाऊक आहे. ते डोळे मिटून ऐकत राहतात, आणि मी थांबलो की म्हणतात, "थांबू नको. जाऊ दे अजून."