फोटोबुकाला घातलेलं कव्हर

माझी मुलगी चौदा वर्षांची असताना एका जपानी नटापायी पुरती वेडी झाली होती. बेलव्ह्यूजवळच्या जपानी पुस्तकांच्या दुकानात त्याची फोटोबुकं मिळायची. शंभर-दीडशे पानं, माणूस एकच, गोष्ट काही नाही. तो नूडल्स खातोय, स्टेशनवर पेंगतोय, नुसताच खिडकीशी बसलाय. "अगं, ह्याला कामधंदा नाही का?" मी विचारायची. आमच्याकडे फोटो म्हणजे लग्न, बारसं नाहीतर पासपोर्ट. इथे अमेरिकेत मात्र शाळेतल्या तिच्या मैत्रिणी, कुणी कोरियन, कुणी मेक्सिकन, ह्या पुस्तकांपायी जपानी अक्षरं गिरवायला लागल्या होत्या. ती माझ्या मांडीवर पाय टाकून एकेक पान दाखवायची. हळूहळू मलाही तो आवडायला लागला. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मला मांडीवरचे ते पाय आवडायचे.

मग मी घोळ घातला. नवं पुस्तक घरात आलं की त्याला कव्हर घालायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. एका रविवारी ती पोहायला गेली असताना मी तिच्या नव्याकोऱ्या फोटोबुकाला खाकी कव्हर घातलं, कोपरे नीट दुमडले, लेबल चिकटवून तिचं नाव लिहिलं. पुस्तकाभोवती कागदाची एक अरुंद पट्टी होती. जाहिरात असेल म्हणून ती फाडून टाकली.

"आई, व्हेअर इज द ओबी?" घरी आल्यावर तिने विचारलं. ओबी म्हणजे ती पट्टी. ती नसेल तर जमवणाऱ्यांच्या लेखी पुस्तक अपुरं, हे मला तेव्हा कळलं. मी कचऱ्यातून तुकडे काढले, त्यांना चहाचा चोथा लागला होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "इट्स फाइन," म्हणाली आणि पुस्तक घेऊन खोलीत गेली. पुढची सगळी पुस्तकं थेट तिच्या कपाटात गेली. मीही मानीच. दाखव म्हणाले नाही.

आता ती कॉलेजसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला असते. तिची फार आठवण येते. गेल्या महिन्यात मी एकटीच त्या दुकानात गेले. त्याच नटाचं नवं पुस्तक आलं होतं, पट्टीसकट, प्लास्टिकमध्ये बंद. मुखपृष्ठावर तोही आता थोराड दिसतो. घरी येऊन तिला मेसेज केला, "नवीन पुस्तक आणलंय. उघडलेलं नाही. तू कधी येतेस?"

लगेच उत्तर आलं. "सो स्वीट, आई. तू उघड ना, आय डोन्ट माइंड."

मी परवानगी मागत नव्हते गं.